ओरडणारी चूक, गप्प बसणारी चूक

सीबीएसई, म्हणजे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, दिल्लीहून चालतं. या मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्राच्या लेखी परीक्षेत बरीच वर्षं एक प्रश्न हमखास येत आला आहे. पायथॉनमधला एक छोटा प्रोग्राम दिलेला असतो. त्यातल्या सिंटॅक्सच्या चुका काढून तो पुन्हा लिहायचा आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती अधोरेखित करायची. पेपर 70 गुणांचा, वेळ तीन तास, समोर संगणक नाही. कुठे कोलन राहिला, कुठे कंस उघडाच पडला, कुठे एका बरोबर-चिन्हाच्या जागी दोन हवी होती, हे सगळं नुसत्या नजरेनं टिपायचं. द्वारका, नोएडा, गुरुग्राममधली मुलं जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून या प्रश्नात इतकी तयार होतात की दोन ओळी वाचतानाच त्यांचं पेन्सिलीचं टोक चुकीवर पडतं.

ही तयारी उपयोगाचीच आहे. पण या प्रश्नातल्या जवळजवळ सगळ्या चुका अशा असतात, ज्या संगणकानं स्वतःहून दाखवल्याच असत्या. नवशिक्याला खरं जेरीस आणणाऱ्या चुका वेगळ्या. त्यांत प्रोग्राम सुरळीत चालतो, लाल अक्षरं दिसत नाहीत, उत्तरही येतं. फक्त ते उत्तर खोटं असतं. नव्यानं प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला मदत करायची असेल, तर ओरडणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्या चुकांमधला हा फरक आधी त्याच्या अंगी बाणवावा लागतो.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकात चुकांचे तीन प्रकार सांगितले आहेत. सिंटॅक्स एरर म्हणजे लिहिण्याच्या नियमांतली चूक; प्रोग्राम सुरूच होत नाही. रनटाइम एरर म्हणजे चालता चालता आलेली अडचण. प्रोग्राम मध्येच कोसळतो. लॉजिकल एरर म्हणजे विचारातली चूक. प्रोग्राम शेवटपर्यंत जातो आणि चुकीचं उत्तर देतो. दिल्लीकर मुलांच्या रोजच्या ओळखीच्या एका गोष्टीवर हे तिन्ही प्रकार पाहू: हवेचा एक्यूआय.

देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक 2015 मध्ये सुरू झाला. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. 0 ते 50 चांगली, 51 ते 100 समाधानकारक, 101 ते 200 मध्यम, 201 ते 300 वाईट, 301 ते 400 अतिशय वाईट आणि 401 ते 500 गंभीर. आकडा विचारून त्याची पायरी छापणारा प्रोग्राम जेमतेम पंधरा ओळींचा होतो. ‘इफ’ आणि ‘एलिफ’ शिकून झालेला कोणताही विद्यार्थी तो लिहू शकतो, आणि त्यात जवळजवळ प्रत्येक प्रकारची चूकही करू शकतो.

लाल अक्षरं वाचायची कशी

प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर लाल ओळी आल्या की नवशिक्याचा हात आधी त्या पुसायला जातो. तो कोडकडे वळतो, अंदाजानं एक कंस घालतो, एक काढतो आणि पुन्हा चालवून बघतो. संदेश वाचलेलाच नसतो.

पायथॉनचा संदेश खालून वर वाचावा. सगळ्यात खालच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण असतं. त्याच्या वर, प्रोग्राम कुठून कुठे गेला आणि शेवटी कोणत्या ओळीवर अडला, त्याचा माग असतो. आधी प्रकार, मग ओळीचा क्रमांक, मग ती ओळ. एवढा क्रम पाळला तरी निम्मं काम होतं.

ओळीच्या क्रमांकाबाबत मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. पायथॉनला गडबड जिथे लक्षात आली, ती ओळ तो दाखवतो; चूक त्याच्या आधीही झालेली असू शकते. पाचव्या ओळीत कंस उघडून बंदच केला नाही, तर जुना पायथॉन सहाव्या ओळीवर बोट ठेवायचा, किंवा फाईल अनपेक्षितपणे संपली अशी तक्रार करायचा. मूल सहाव्या ओळीकडे टक लावून बसे, आणि त्या ओळीत काहीच वावगं नसे. म्हणून नियम असा: दाखवलेली ओळ निर्दोष दिसली, तर तिच्या वरची ओळ तपासा.

इथे पायथॉन घडवणाऱ्यांनीही आपली बाजू सुधारली आहे. 2020 च्या 3.9 आवृत्तीत भाषेचं व्याकरण तपासणारा भाग नव्यानं लिहिला गेला. त्याचा फायदा घेऊन पाब्लो गालिंडो साल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर 2021 च्या 3.10 आवृत्तीत संदेश बोलके केले. ‘हा कंस बंदच झाला नाही’ असं तो उघडलेल्या जागेवर बोट ठेवून सांगितलं जाऊ लागलं. ‘इफ’मध्ये एकच बरोबर-चिन्ह टाकलं, तर दोन म्हणायची होती का, अशी विचारणा होऊ लागली. पुढच्या वर्षीच्या 3.11 आवृत्तीत, चालता चालता आलेल्या चुकीतही ओळीचा नेमका कोणता तुकडा अडला, ते खाली खुणा करून दिसू लागलं. त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल, तर ती बदलून घेणं हीसुद्धा नवशिक्याला केलेली मोठी मदत आहे.

ठरलेले गुन्हेगार

लिहिण्यातल्या नेहमीच्या चुकांची यादी फार लांब नाही. ‘इफ’, ‘फॉर’, ‘डेफ’ यांच्या ओळीअखेरचा कोलन राहतो. इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, कुठे टॅबनं आणि कुठे स्पेसनं दिली जाते. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पायथॉनला नाही. फोनवर कोड टाइप करणाऱ्यांचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो आणि ‘प्रिंट’ अनोळखी नाव ठरतं. व्हॉट्सअॅपवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या कोडबरोबर वाकडी, छापील वळणाची अवतरणचिन्हं येतात. पायथॉनला फक्त सरळ चिन्हं कळतात.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. पायथॉन 3 मध्ये चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं. ‘हवा’ हे नाव त्याला पूर्ण मान्य आहे. पण कोडमध्ये देवनागरी अंक लिहून ३१२ टाकलं, तर तो लगेच अडतो. गंमत पुढे आहे. तेच देवनागरी ३१२ प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्यानं टाइप केलं आणि ‘इंट’ या फंक्शननं त्याचा आकडा करून घेतला, तर ते निमूट चालतं. कोडचे नियम आणि बाहेरून येणाऱ्या माहितीचे नियम वेगळे असतात, हे शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

या चुका किती होतात, याचा मोठा हिशेब ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठातल्या नील ब्राउन आणि अमजद अल्तादमरी यांनी 2015 मध्ये मांडला. भाषा जावा, विद्यार्थी जगभरातले सुमारे अडीच लाख, आणि कोड तपासून घेण्याच्या नोंदी 3 कोटी 70 लाखांहून जास्त. सगळ्यात जास्त वेळा झालेली चूक निघाली कंस आणि अवतरणचिन्हं न जुळण्याची. पण तीच दुरुस्तही झटकन होत होती. उलट, दोन शब्द सारखे आहेत का हे पाहताना जावात चुकीची पद्धत वापरण्याची चूक विद्यार्थ्यांकडे बराच काळ तशीच राहत होती, कारण तिच्यावर कुणी ओरडत नाही. याच दोघांनी आदल्या वर्षी शिक्षकांना विचारलं होतं की मुलं कोणत्या चुका जास्त करतात. शिक्षकांचे अंदाज एकमेकांशी जुळले नाहीत आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींशीही जुळले नाहीत. शिकवणाऱ्याचा अनुभव कितीही दांडगा असला, तरी मुलाचा पडदा बघितल्याशिवाय निदान करू नये, हा त्यातला धडा.

एकाच गैरसमजाची दोन रूपं

आता एक्यूआयचा प्रोग्राम चालतोय असं समजू. विद्यार्थ्यानं दोन केंद्रांचे आकडे विचारले, 150 आणि 250. सरासरी काढण्यापूर्वी बेरीज बरोबर येते का, म्हणून ती छापून पाहिली. उत्तर आलं 150250. पायथॉनचं ‘इनपुट’ जे काही घेतं, ते मजकूर म्हणून घेतं, आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे ते एकापुढे एक जोडणं. इथे पायथॉननं काही चूक दाखवली नाही. त्याच मजकुराला 2 नं भागायला गेलं, की मात्र टाइप एरर येते. गैरसमज एकच, की इनपुट आकडा देतं. बेरजेत तो गप्प राहिला, भागाकारात ओरडला.

दुसरं उदाहरण यादीचं. दिवसाच्या 24 तासांची 24 मोजमापं एका यादीत आहेत. पायथॉन मोजणी 0 पासून करतो, म्हणून जागा 0 ते 23. विद्यार्थी 1 ते 24 धरून चालतो. 24 क्रमांकाच्या जागेवर हात घातला की इंडेक्स एरर येते आणि प्रोग्राम थांबतो. तोच विद्यार्थी ‘रेंज’ला 1 आणि 24 देतो तेव्हा काय होतं? रेंज शेवटचा आकडा धरत नाही, म्हणून फेरा 1 ते 23 होतो. पहिल्या तासाचं मोजमाप गळतं. बेरीज 23 आकड्यांची, भागाकार 24 नं, सरासरी कमी, हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ. पडद्यावर एक अक्षर नाही.

अशी जोडी मुलांसमोर मुद्दाम ठेवावी. प्रोग्राम कोसळला तेव्हा दोन मिनिटांत कारण कळलं. कोसळला नाही तेव्हा खोटा आकडा वहीत उतरला. हे एकदा दिसलं, की लाल अक्षरांचा राग कमी होतो.

बिनआवाजाच्या चुका

पायऱ्या ठरवणाऱ्या अटींचा क्रम बघा. पहिली अट ‘50 पेक्षा जास्त असेल तर समाधानकारक’, दुसरी ‘100 पेक्षा जास्त असेल तर मध्यम’, अशी चढत गेली, तर 460 हा आकडा पहिल्याच अटीत अडकतो. पायथॉन पहिली खरी ठरलेली अट घेतो आणि बाकीच्या बघतही नाही. घरात एअर प्युरिफायर घरघरतोय आणि प्रोग्राम म्हणतो, हवा समाधानकारक. हीच रचना 400 पासून उतरत्या क्रमानं केली की बरोबर चालते.

दुसरी फट दशांशांची. शहराचा एक्यूआय हा निरनिराळ्या केंद्रांच्या आकड्यांची सरासरी असतो. ती 200.5 आली आणि तिला पूर्णांकात आणलं नाही, तर ‘101 ते 200’ या अटीत ती बसत नाही आणि ‘201 ते 300’ मध्येही नाही. सगळ्या अटींतून घसरत ती शेवटच्या ‘एल्स’मध्ये पडते आणि प्रोग्राम ‘गंभीर’ छापतो. 200 ला बरोबर, 201 ला बरोबर, दोघांच्या मध्ये मात्र हाहाकार.

तिसरी चूक सीएसव्ही फाईलची. बारावीच्या अभ्यासक्रमात या फाईली आहेत. त्यांतून वाचलेला प्रत्येक आकडा मजकूर म्हणूनच येतो. 95 आणि 350 मधला मोठा कोणता, असं पायथॉनला विचारलं, तर मजकूर म्हणून उत्तर येतं 95. कारण शब्दकोशासारखी पहिल्या अक्षराची तुलना होते आणि 9 हा 3 च्या पुढे. दिवसातला सर्वांत वाईट तास शोधायला बसलेल्याला सर्वांत बरा तास मिळतो.

चौथी चूक कोडातली नाही, विषयातली आहे. एका केंद्राचा एक्यूआय काढताना पीएम 2.5, पीएम 10, ओझोन अशा प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत मोठा तो केंद्राचा एक्यूआय. विद्यार्थी सवयीनं सरासरी घेतो. उपनिर्देशांक 380, 60 आणि 40 असतील, तर त्याचं उत्तर 160, म्हणजे मध्यम. खरं उत्तर 380, म्हणजे अतिशय वाईट. या प्रोग्रामला कोणताही तज्ज्ञ केवळ कोड बघून चूक म्हणू शकणार नाही. नियम माहीत असणाऱ्यालाच ती दिसेल. दिल्ली परिसरात प्रदूषणावर टप्प्याटप्प्यानं निर्बंध आणणारी ग्रॅप योजना याच आकड्यावर चालते. 450 ओलांडले की चौथा, सर्वांत कडक टप्पा. अशा ठिकाणी गप्प चूक किती महाग पडेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि एक चूक मुलं स्वतः विकत घेतात. बारावीत ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ शिकवतात, म्हणजे अडचण आली तरी प्रोग्राम कोसळू न देता सांभाळून घेण्याची सोय. एखाद्या केंद्राच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘एनए’ आलं, की ‘इंट’ व्हॅल्यू एरर देतं. मूल सगळा कोड ट्रायमध्ये घालतं आणि एक्सेप्टमध्ये ‘पास’ लिहून मोकळं होतं. लाल अक्षरं गेली खरी. पण त्याबरोबर कोणतं केंद्र गळलं, किती गळली, हेही गेलं. धूर दिसू नये म्हणून धोक्याच्या घंटेची तार कापण्यासारखं हे आहे. नेमकी व्हॅल्यू एररच पकडावी, गळलेल्या केंद्राचं नाव छापावं आणि मग पुढे जावं.

संगणकाला मन नसतं

या सगळ्या चुकांच्या मुळाशी असलेला समज रॉय पी या अमेरिकी संशोधकानं 1986 मध्ये नेमका पकडला. कोणतीही भाषा शिकताना नवशिके नकळत असं धरून चालतात, की यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलेला आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते तो ओळखून घेईल. पी यांनी या समजाला ‘सुपरबग’ म्हटलं; बाकीच्या बऱ्याच चुका त्याचीच पोरं. चलाचं नाव ‘सरासरी’ ठेवलं म्हणून त्यात सरासरी येत नाही. ‘दिल्ली’ या शब्दाची लांबी पायथॉनला विचारली तर तो 6 सांगतो, कारण वेलांट्या आणि हलन्तही तो सुटे मोजतो. आपल्याला दोनच अक्षरं दिसतात, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

हा समज व्याख्यानानं जात नाही, भाकितानं जातो. प्रोग्राम चालवण्यापूर्वी मुलाला विचारायचं, ‘आता पडद्यावर काय येईल?’ त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्यायचं आणि मगच चालवायचं. भाकीत चुकलं, तिथेच गैरसमज सापडला. प्रत्येक ओळीनंतर चलांत काय आहे हे चित्रात दाखवणारं ‘पायथॉन ट्यूटर’ हे फिलिप ग्वो यांनी 2010 मध्ये बनवलेलं साधन याच कामाचं आहे. तेही नसेल, तर मधल्या ओळींत ‘प्रिंट’ टाकून किंमत आणि तिचा प्रकार छापणं पुरतं.

पुढची पायरी म्हणजे गप्प चुकीला बोलतं करणं. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘असर्ट’ आहे. ‘या यादीत 24 आकडे असलेच पाहिजेत’, ‘एक्यूआय 0 ते 500 मध्येच हवा’, अशा अटी लिहून ठेवल्या, की त्या मोडताच प्रोग्राम तिथेच थांबतो. आणि चाचणीसाठी मधले सोयीचे आकडे न घेता काठावरचे घ्यावेत: 50, 51, 200, 200.5, 201, 0, 500, आणि रिकामी यादी. रिकाम्या यादीची सरासरी शून्यानं भागायला लावते, हे परीक्षेत कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

दुरुस्ती यंत्र करेल, खात्री कोण करणार

चुका आपोआप दुरुस्त करण्याचं स्वप्न भारतात बरंच आधी पाहिलं गेलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये ‘डीपफिक्स’ ही प्रणाली मांडली. कच्चा माल होता कानपूर आयआयटीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सी भाषेत लिहिलेले, 93 स्वाध्यायांचे 6971 सदोष प्रोग्राम. प्रणालीनं त्यांतले 27 टक्के पूर्ण आणि 19 टक्के अंशतः दुरुस्त केले. दुरुस्त म्हणजे काय, तर कंपायलरची तक्रार बंद झाली. प्रोग्राम योग्य उत्तर देतो का, हा त्या मोजमापाचा प्रश्नच नव्हता.

आज कोणताही विद्यार्थी एआय चॅटबॉटला लाल ओळी चिकटवतो आणि काही क्षणांत दुरुस्त कोड मिळवतो. ओरडणाऱ्या चुकांसाठी ही सोय उत्तम आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण चॅटबॉटला विद्यार्थी जेवढं सांगतो, तेवढंच ठाऊक. ‘सरासरी काढणारा प्रोग्राम चालत नाही’ असं सांगितलं, तर तो सरासरी बिनचूक काढून देईल. तिथे कमाल हवी होती, हे मागणाऱ्यालाच माहीत नसेल तर कोण सांगणार?

म्हणून मदत करणाऱ्यानं, मग ते शाळेतले सर असोत, शेजारची ताई असो किंवा आईबाबा, कीबोर्ड आपल्याकडे ओढू नये. चार प्रश्न विचारावेत. तुला काय हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? शेवटची ओळ काय म्हणते, मोठ्यानं वाच. आणि प्रोग्राम शेवटचा नीट चालला, त्यानंतर तू काय बदललंस? चौथ्या प्रश्नावर बरीच मुलं स्वतःच ‘अरे हो!’ म्हणतात आणि पुढची मदत लागत नाही. जिथे लागते, तिथे निम्मा कोड बाजूला काढून उरलेला चालतो का ते पाहावं; चालला तर दोष बाजूला काढलेल्या भागात. असं निम्मं-निम्मं करत गेलं, की शंभर ओळींतली चूक सात-आठ फेऱ्यांत कोपऱ्यात सापडते.

याच्याही आधीची एक सवय मात्र कुणी दुसरा लावून देऊ शकत नाही. प्रोग्राम लिहिण्यापूर्वी तीन आकडे घेऊन उत्तर हातानं काढायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. तीन उपनिर्देशांक, त्यांतला मोठा कोणता, पायरी कोणती. दोन मिनिटांचं काम. मग कोड स्वतः लिहिलेला असो, मित्राचा असो की यंत्राचा, त्याचं उत्तर ताडून बघायला आपल्याकडे काहीतरी असतं. हातानं काढलेलं ते उत्तर वहीत नसेल, तर पडद्यावरचा प्रत्येक आकडा खराच वाटतो.